टेबलावर ठेवलेलं पदक

कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचं पदक घरात आलं आणि पीटर थकला. कामाने तो कधी एवढा थकला नव्हता. उभी हयात त्याने विद्यापीठाच्या शेतावर ट्रॅक्टर चालवला, कोल्हारहून पहाटेच्या एसटीने जायचा, आणि रात्री पाठ टेकली की घोरायचा. आता निवृत्तीत, हातात काही काम नसताना, त्याचा डोळा लागेना.

कारण साधं होतं. पदकं मिळाली ती कायमच्या नोकरीतल्या कामगारांना. त्याची बायको सारा त्याच एसटीने, त्याच शेतावर तेवढीच वर्षं गेली, पण रोजंदारीवर. खुरपायचं, वाकायचं, बियाण्याच्या ज्वारीच्या कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या. आता तिची कंबर सरळ होत नाही. आणि पदकावर मधोमध कोरलंय काय, तर ज्वारीचं कणीस! ट्रॅक्टर कोरला असता तर पीटर बिचारा सुटला तरी असता.

सारा भांडली असती तरी बरं झालं असतं. ती रोज टीव्ही पुसायची, त्यावरचं पदकही पुसायची आणि जागेवर ठेवायची. ते बघून पीटरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा धीर करून तो म्हणाला, "हे तुजंच हाय, सारा."

"स्टेजवर तुमास्नी बोलावलं हुतं," ती म्हणाली. "जेवा आता."

चार लोकांत मिळालेलं चार लोकांतच द्यायला पाहिजे, हे त्याला तेव्हा कळलं.

उपकारस्तुतीच्या रविवारी चर्चमध्ये लोक आपल्या हंगामातलं पहिलं देवाला आणतात. टेबलावर भोपळे, अंडी, गहू आणि खाली पाय बांधलेल्या कोंबड्या. भक्ती, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपली की त्यांचा लिलाव होतो आणि पैसे देवाच्या कामाला जातात. पीटरने खिशातून पदक काढलं आणि भोपळ्याशेजारी ठेवलं.

लिलाव पुकारणारा सॅम गडबडला. "मामा, हे चुकून आलं का?"

"चुकून न्हाई. पुकार."

सॅमने पुकारलं. कुणी बोली लावेना. दुसऱ्याचा मान विकत घ्यायला कोण धजणार? लोक माना खाली घालून बसले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पीटरभाऊ, घरी न्या ते."

पीटर गुडघ्यावर हात टेकून उठला. "मग मीच घेतो."

हशा पिकला. आपलीच वस्तू लिलावात घेणारा माणूस गावाने पाहिला नव्हता. सॅमने एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं. पीटरने खिशात होतं नव्हतं ते टेबलावर ठेवलं आणि तो थेट बायकांच्या बाजूला गेला.

"मला फुकट मिळालं हुतं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आता इकत घेतलंय. सारासाठी. तिनं बी तेवढंच काम केलंय." त्याने पदक तिच्या हातात दिलं.

लिलावात घेतलेली वस्तू पुन्हा टेबलावर ठेवायची, म्हणजे ती परत पुकारता येते, अशी तिथली रीत. साराने आजवर एक अंडंसुद्धा घरी नेलं नव्हतं. सॅमने सवयीने हात पुढे केला. "द्या मामी, परत पुकारतो."

साराने मूठ मिटली.

"न्हाई द्यायाचं," ती म्हणाली. "देवाला लई दिलं, सॅम. हे माजं हाय."