सुतकातल्या चकल्या

शेजारी चकल्या तळताहेत. त्या वासाने मला डोणगावची एक दिवाळी आठवते. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, अपघातात गेले होते आणि अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाईंना ते सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सुतकात घरात तळत नाहीत. पण त्यांना संशय येऊ नये म्हणून मी कढई चढवली.

तीन वर्षांचे तुमचे बाबा दिवसभर बडबडत. ते उशाशी जाऊन म्हणाले, "आजी, काका मरून गेला. पण तुले सांगाचं नाही म्हने आई."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग तळण काऊन करून राह्यली वं? उतरव कढई."

मी कढई उतरवली आणि तुमच्या बाबांना मारलं. मी एका आईला तिच्या मुलासाठी रडूही देत नव्हते, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.