चावी कुणाच्या खिशात हाय?

"चावी कुणाच्या खिशात हाय?"

ऑफिसात पाऊल ठेवल्याबरोबर काका हा प्रश्न विचारत. चावी रोज त्यांच्याच खिशात असे. तरी विचारत, मग शर्टाचा खिसा चाचपत, स्वतःच "हाय" असं उत्तर देत आणि खुर्चीवर बसत. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला हसतो आणि आपलं काम निर्धास्त करतो.

आमचं ऑफिस जालन्यात, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. रेशीम कोष विकायला आणणाऱ्या शेतकऱ्यांनी बाजारात कोणत्या दिवशी, कितव्या नंबरला यायचं हे सांगणारं ॲप आम्ही चालवतो. कोषाचं गणित सरळ आहे. वेळेत विकला तर रेशीम. राहिला तर आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि शेतकऱ्याच्या महिन्याच्या मेहनतीला भोक पडतं. म्हणून ॲप बंद पडून चालत नाही. ते ज्या सर्व्हरवर चालतं ते आमचे नाहीत. एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेले आहेत. ते कुणीही डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, पण बंद मात्र आमच्याच हातून होतात.

काका मुळात वायरमन. उमेदीची वर्षं लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर बसवायला आले आणि राहिले. मी एकदा म्हटलं, "काका, कोडिंग शिका की." तर म्हणाले, "चालू कसं करायचं ते तुम्ही बघा ताई. बंद कसं करायचं तेवढं मला दाखवा." मी त्यांच्या मुलीहून लहान, तरी ताईच.

बंद करणं त्यांनी असं शिकून घेतलं की पुढे त्यांच्याशिवाय एकही सर्व्हर बंद करता येईना. क्लाउडच्या मुख्य खात्यात शिरायला पेनड्राइव्हएवढी एक चावी कॉम्प्युटरला लावावी लागते. ती त्यांनी मागून घेतली. मिलमध्ये मशीन दुरुस्त करताना वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे मधेच कुणाला वीज सोडता येत नाही. काकांच्या लेखी ही चावी म्हणजे तोच फ्यूज.

काही बंद करायचं ठरलं की ते वही घेऊन बसत आणि ते वापरणाऱ्या एकेकाला फोन लावत. भावाने भावाच्या वतीने सांगितलेलं चालत नसे. "ज्याचा हात आत हाय, त्यानंच हो म्हनावं." आष्टीचा एक गडी तीन दिवस फोन उचलत नव्हता, तर त्याच्या एकट्यासाठी अख्खा सर्व्हर तीन दिवस चालू राहिला. मी वैतागायचे. दोन मिनिटांचं काम आठवडाभर चालायचं.

आणखी एक खोड होती. चहा खालच्या टपरीवरून यायचा. टपरीवाले मामू डाव्या हाताने ओतत; उजव्या हाताला बोटं नव्हती. ट्रे आणायला काका स्वतः खाली जात, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. स्वतः मात्र चहाचा घोट घेत नसत. आम्ही म्हणायचो, पित्त असेल.

मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना चावी माझ्या हातावर ठेवली. "खिशात ठेवा. टेबलावर न्हाई."

"माझ्या कुर्त्याला खिसाच नाही काका."

"मंग शिवून घ्या."

मी खिसा शिवला नाही. आम्ही नुकतंच नवं ॲप आणलं होतं; तिसऱ्या दिवशी जुन्या ॲपचा सर्व्हर मात्र काढून टाकला. काकांच्या वहीत एकाच नावापुढे टिक नव्हती. वाटूरच्या एक बाई; गल्लीतल्या चार-पाच जणींची नावंही त्याच नोंदवायच्या. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "त्या आल्या असतील नव्या ॲपवर." मी मान डोलावली आणि बटण दाबलं. फार हलकं वाटलं.

आठवड्याने त्या बाई बाजाराच्या फाटकावरून थेट माडीवर आल्या. "नावच न्हाई म्हनतेत आमचं. मोबाइलमधी नुसतं गोल फिरून राह्यलंय. कोष खाली रिक्षात हायेत ताई. उद्या पतंग निघत्यान."

त्यांनी जुन्याच ॲपवर नावं टाकली होती. ती कुठेही पोचली नव्हती. पुढचा मोकळा नंबर चार दिवसांनी होता.

मी काकांना फोन केला. ते काळा चष्मा लावून आले आणि दारातूनच विचारलं, "चावी?" मी टेबलाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. चावी उचलून खिशात घातली आणि बाईंबरोबर बाजारात गेले. मी मागोमाग.

तिथे रांगेतल्या एकेकाला विचारत निघाले, "तुमचे कोष कवाचे?" अंबडच्या एका शेतकऱ्याचे अगदी ताजे होते. नंबर बदलून द्यायला तो तयार झाला. काकांनी त्याच्याकडून दोनदा हो म्हणवून घेतलं आणि मगच मला नोंद करू दिली. दुपारी बाईंचे कोष विकले गेले. तळाशी दोन फुटलेले निघाले. त्या बाईंनी ते गुपचूप बाजूला काढले.

परत आलो. टपरीसमोर मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"माझं बी चुकल्तं. मिलमधी फ्यूज काढला, टेबलावर ठेवला, अन् चहा प्यायला गेल्तो. कुनीतरी नेऊन लावला." काका मामूंकडे बघत होते. "ह्याचा हात आत होता."

मामूंनी कप भरले. काका ट्रे घेऊन पुढे झाले. मला जिन्यातच रडू आलं. वर गेल्यावर त्यांनी चावी पुन्हा माझ्यासमोर धरली.

"मला कशी देता काका?"

"आता तुम्ही टेबलावर ठेवनार न्हाई."

या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच गेले म्हणतात. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः कुणी "असतील", "झालं असेल" असं बोललं की. माझ्या सगळ्या कुर्त्यांना आता खिसे आहेत. शिंपी विचारतो, एकच का आणि इतका लहान का. वाटूरच्या बाईंना मी स्वतः फोन करते.

ट्रे आणायलाही मीच जाते. मामू डाव्या हाताने कप भरतात, ट्रे माझ्या हातात देतात आणि विचारतात, "चावी किसके जेब में है, बेटी?"

मी ट्रे परत खाली ठेवते, खिसा चाचपते आणि मगच म्हणते, "हाय."