कंडक्टरच्या तोंडात उरलेला शब्द

मेंदूतली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि कंडक्टरचा उजवा हात लुळा पडला. बोलणंही गेलं. उरला फक्त ‘हो’.

मागच्या दाराशी उभं राहून अख्ख्या बसची फिरकी घेणारा हा माणूस. आता दुखतंय का, हो. नाही दुखत? हो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘डाव्या मेंदूत पुढच्या बाजूला शब्द जुळवून तोंडाकडे पाठवणारा भाग असतो. तो दुखावलाय. उजवा हात हलवणारा भाग त्याला लागूनच. पण त्यांना समजतं सगळं.’’

समजत होतं, हीच तर पंचाईत. मुलगा परगावाहून आला. म्हणाला, ‘‘बाबा, घर विकू. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. याल ना?’’

‘‘हो,’’ कंडक्टर म्हणाला. नकाराची मान हलवायला गेला, तर तीही उभीच हलली. मुलाचा जीव भांड्यात पडला. कंडक्टरचा टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बसचा जुना ड्रायव्हर भेटायला आला. चहा आला. मुलगा म्हणाला, ‘‘काका, दुपारी घर बघायला गिऱ्हाईक येतंय.’’

तोंड उघडलं तर पुन्हा ‘हो’च येणार. कंडक्टरने ओठ घट्ट मिटले. डाव्या हातातला चमचा ग्लासावर आपटला. टण्ण.

ड्रायव्हरचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला. चहा मांडीवर सांडला.

‘‘काय झालं, काका?’’

‘‘ब्रेक मारला,’’ ड्रायव्हर विजार झटकत म्हणाला. ‘‘एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. जन्मभर याच्या घंटीवर गाडी हाकली. पाय डोक्याला विचारतो थोडाच. अरे, तो थांब म्हणतोय.’’

मुलगा बापापुढे उकिडवा बसला. ‘‘बाबा, घर विकू?’’

टण्ण.

‘‘इथेच राहायचंय?’’

टण्ण टण्ण.

तोंड मात्र दोन्ही वेळा ‘हो’च म्हणालं. ते ऐकून कंडक्टर स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मुलाने ओशाळून फोन लावला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं.

मग सगळ्यांनाच चेव आला.

‘‘मी गाडी बरी चालवायचो का रे?’’ ड्रायव्हरने विचारलं.

टण्ण.

‘‘मेल्या.’’

‘‘आणि अहो,’’ बायको पुढे सरसावली, ‘‘माझ्याशी लग्न केल्याचा पस्तावा होतो?’’

चमचा वर गेला. वरच राहिला.

‘‘बघा हं. जेवायला मीच वाढते.’’

टण्ण.

दुसऱ्या घंटीसाठी चमचा पुन्हा वर जायला लागला, तसा ड्रायव्हरने ग्लासच उचलून घेतला.