रुळांपलीकडचं मतदान केंद्र

जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या त्या मतदारसंघाचा इतिहास प्रभावतीबाईंना तोंडपाठ होता आणि तो ऐकायला घरात कुणी तयार नव्हतं. रुळांपलीकडची त्यांची वसाहत साठ वर्षांत तीनदा या मतदारसंघातून त्या मतदारसंघात गेली. हद्दी हलल्या की पहिली उचलबांगडी हिचीच. सात आमदार झाले, रूळ ओलांडून एकही आला नाही. का यावं? वसाहतच मत द्यायला बाहेर पडत नव्हती. मागच्या खेपेला शाळेतल्या केंद्रावर जेमतेम त्रेसष्ट माणसं आली. यंदा नगरपालिकेचं पत्र आलं: शंभराच्या आत राहिलात, तर केंद्र बंद, पुढच्या वेळी गावात या.

प्रभावतीबाई औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम करतात. चौदा वर्षं थांबून जर्मन पासपोर्ट मिळालेला, राज्याच्या निवडणुकीतलं हे पहिलंच मत. आपल्या पहिल्या मताबरोबरच केंद्र बंद पडणार म्हटल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नागपुरात त्यांचे वडील मतदानाआधी गल्लीतलं एकेक दार वाजवायचे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क झोपेत घालवू नका, म्हणायचे. बाईंनीही तेच केलं. रविवारी दुपारी एक वाजता, अख्खी वसाहत जेवून आडवी झालेली असताना, त्यांनी बेल दाबायला सुरुवात केली.

"आई, दास माख्ट मान हियर निष्ट," मुलगा संघर्ष जिन्यातच म्हणाला. इथं असं करत नसतात.

"इथं काय करत नाहीत, ते त्रेसष्टवरून दिसतंय. चल, वरचा मजला राहिलाय."

वर ब्रान्टआजोबांनी दार उघडलं. एकोणीस वर्षांचा शेजार, बोलणं नमस्कारापुरतं.

"आज रविवार आहे," ते गुरगुरले. "ही विश्रांतीची वेळ."

बाई ओशाळल्या, पण हटल्या नाहीत. "चुकलंच माझं. पण केंद्र गेलं, तर हे गुडघे घेऊन गावात कसे जाल?"

"वीस वर्षांत मी मत दिलेलं नाही. इथं विचारायला कोण येतंय?"

"मी आलेय की. पुढच्या रविवारी नऊ वाजता खाली या. सगळे मिळून जाऊ."

आजोबांनी दार लावून घेतलं.

मतदानाच्या दिवशी पांढरी साडी नेसून बाई खाली उभ्या राहिल्या. नऊला सोबत फक्त संघर्ष. बाईंचा धीर खचत चालला होता. मग तुर्की सासूसुना आल्या, इरिट्रियाची नर्स आली, माणसं येतच गेली. शेवटी जिन्यातून काठी टेकत ब्रान्टआजोबा उतरले, कोट-टाय घालून. शाळेत एवढी रांग लागली की केंद्रप्रमुखाला मत नोंदवायचा तिसरा आडोसा मागवावा लागला.

संध्याकाळी केंद्रावरच होणारी मोजणी तिथं कुणालाही पाहता येते. बाई पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोनशे एक्केचाळीस! त्यांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

महिन्याभरात नव्या आमदारबाई रूळ ओलांडून आल्या. प्रभावतीबाईंनी चहाबरोबर त्यांना साठ वर्षांचा इतिहास ऐकवला, आणि पहिल्यांदाच तो कुणीतरी शेवटपर्यंत ऐकला.

पुढं युरोपची निवडणूक लागली. त्याआधीच्या रविवारी दुपारी एक वाजता बेल वाजली. विश्रांतीची वेळ मोडून दारात ब्रान्टआजोबा उभे होते.

"नऊलाच निघायचं ना?" त्यांनी विचारलं. "खालचे दोन मजले मी सांगून आलोय."