आरिन आणि बारबार

विजयश्रीच्या घरात आईला आरिन म्हणत आणि वडिलांना बारबार. काळेवाडीत आमच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, ही कुठली माणसं? माणसं परंड्याकडची होती. भिमाजी चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला लागले आणि शालनबाई दोन पोरं घेऊन मागून आल्या. धाकटी विजयश्री जन्मापासून आंधळी.

ही नावं ठेवली होती मशीनने. विजयश्रीला निघोजेच्या कंपनीत टेलिफोनवर नोकरी लागली त्या वर्षी एका संस्थेने तिला ब्रेलची नोंदवही दिली. वही म्हणायचं, पण होती ती जेवणाच्या डब्याएवढी पेटी. वर ब्रेलची सहा बटणं, खाली एक पट्टी. बटणं दाबून लिहायचं आणि लिहिलेलं पट्टीवर बारीक टाचण्यांसारखे ठिपके होऊन वर यायचं. त्यावरून बोट फिरवून ती वाचायची. शिवाय पेटी बोलायचीसुद्धा, पण तिला फक्त इंग्रजी येत होतं.

पहिल्याच संध्याकाळी विजयश्रीने लिहिलं, ‘आई’. पेटी नाकातून म्हणाली, ‘आरिन’.

शालनबाई भाकरी थापत होत्या. "काय म्हणायलीय गं ती?"

"तुलाच हाक मारतेय, आई."

मग विजयश्रीने आम्हाला समजावून सांगितलं. ठिपके सगळीकडे तेच. पण मराठीत ज्या ठिपक्यांचा ‘आ’ होतो, त्यांचाच इंग्रजीत ‘आर’ होतो आणि आपला ‘ई’ म्हणजे त्यांचा ‘इन’. बोटाला ते बरोबर ‘आई’ लागतं, पेटी आपल्या परीने वाचते. लगेच तिने ‘बाबा’ लिहून दाखवलं. पेटी म्हणाली, ‘बारबार’.

शालनबाई हातातलं पीठ तसंच ठेवून हसत सुटल्या. "बघा, मशीनला बी कळलं! बारबार चहा मागतंय हे माणूस!"

"मग दे की एक कप," भिमाजी म्हणाले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कंपनीच्या बसमधून उतरून विजयश्री घरी यायची, स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायची आणि पेटी मांडीवर घ्यायची. पेटीतून ‘आरिन’ आलं की आतून शालनबाई म्हणायच्या, "आले गं माय." मग आई सांगायची आणि लेक लिहायची. काय वाट्टेल ते. भरल्या वांग्याचा मसाला, चुलतीच्या लग्नात झालेली भांडणं, उंबऱ्यावर बसून नखं का काढू नयेत ते. मी साखर मागायला म्हणून जायचे आणि तासभर बसायचे. त्या बोलण्यात शेंगदाणे भाजल्याचा वास असायचा. आता त्या पाटाच्या जागी वर्षालीने फ्रिज ठेवला आहे.

वर्षाली म्हणजे विजयश्रीची भावजय. थोरल्या ज्योतीरामचं लग्न झालं तेव्हा पेटी जुनीच झाली होती. वर्षाली पहिल्या दिवशी तिच्या आवाजाला घाबरली होती. नंतर सासूवर राग आला की तीही "आमच्या आरिनबाई" म्हणू लागली, अर्थात माझ्याजवळ.

शालनबाई गेल्या त्याला फार दिवस झालेले नाहीत. हृदयाचं दुखणं होतं. त्या गेल्यावर विजयश्री पेटीत कामाचं तेवढं लिहायची. पण संध्याकाळी कधीकधी पलीकडून ‘आरिन’ ऐकू यायचं. एकदाच. भिमाजी टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढवायचे.

बॅटरी आधीच संपत आली होती, पेटी वायरला बांधल्यासारखी झाली होती. त्यात पट्टीवरच्या पहिल्याच अक्षराचा, डावीकडचा सगळ्यात खालचा ठिपका अडकायला लागला. कधी वर यायचा, कधी नाही. आपल्याला वाटतं, एका ठिपक्याने काय होतं? ‘म’मधला तो ठिपका गेला की ‘च’ उरतो.

कंपनीत सुरक्षा सप्ताहाची बक्षिसं होती. कँटीनमध्ये माईकवरून नावं पुकारायचं काम दरवर्षी विजयश्रीचं. आवाज गोड आणि बोलणं स्वच्छ. आदल्या दिवशी ऑफिसमधून फोनवर सांगितलेली नावं तिने भराभर उतरून घेतली होती, एका ओळीत एक. माईकवर तिने बोटाखाली आलं तसं वाचलं, "चोरे, दिग्विजय."

सगळ्या कँटीनमध्ये हशा फुटला. ताटं वाजली. दिग्विजय मोरे नावाचा नवा पोरगा लाजत पुढे आला.

"पाकिटं सांभाळा रे भावांनो," मागून कुणीतरी ओरडलं, "चोरे आले!"

पोरगा चांगला होता. विजयश्रीने माफी मागितली तर म्हणाला, "राहू द्या ताई, आता सगळी कंपनी मला ओळखते." पण साहेब चांगले नव्हते किंवा त्यांना चांगलं असण्याइतका वेळ नव्हता. "ते मशीन नीट करून आणा, तोवर माईक ऑफिसमधल्या अंजलीकडे," एवढंच ते म्हणाले. टेलिफोनचं काम आता यंत्रच करत होतं. माईक गेला तर आपण कंपनीत आहोत कशाला, हे विजयश्रीला समजावून सांगायची गरज नव्हती.

चिंचवडला ज्ञानेश नावाचा मुलगा अशा पेट्या दुरुस्त करतो. मी तिच्याबरोबर गेले. त्याने पेटी उघडली, फुंकर मारली.

"ताई, डबा आणि बटणं तीच राहतील. पट्टी साफ करून देतो, जे अक्षर गेलंय ते बदलतो. आत बोर्ड, बॅटरी, मेमरी सगळं नवं. तुमचं लिहिलेलं एक अक्षर जाणार नाही."

"आणि आवाज?"

"एकदम भारी. मराठी बोलतो आता."

"जुना आवाज राहील का?"

"तो जुन्या बोर्डात असतो, ताई. नव्याच्या बदल्यात तो परत द्यावा लागतो. आणि कशाला पाहिजे तो आवाज? डबड्यात बसून बोलल्यासारखा येतो."

विजयश्रीने हात पुढे केला आणि पेटी परत मागितली.

वर्षालीने रात्रीच्या भाकऱ्या करताकरता सुनावलं. "मोबाइलमध्ये भरून ठेवा ना आवाज. आम्ही नाही का बाळाचं बोबडं बोलणं भरून ठेवलं?"

विजयश्रीने ठेवलाही भरून. मला ऐकवला. "आरिन" अगदी हुबेहूब होतं. पण विजयश्री म्हणाली, "काकू, हे मी बटण दाबलं म्हणून बोलतंय. आधी मी आई लिहिलं की बोलायचं."



शेवटी भिमाजीच म्हणाले, "दे टाकून दुरुस्तीला. ती असती तर तिनं तुला माईक सोडू दिला असता व्हय?"

पेटी परत आली ती रविवारी. आम्ही सगळे भोवती. विजयश्रीने पाट नाही टाकला, फ्रिजला टेकून खुर्चीत बसली. ओळीच्या सुरुवातीला ‘म’ लिहिला, बोटाने चाचपला, पुसला, पुन्हा लिहिला. "आला," ती म्हणाली. तिचे खांदे खाली आले. मग तिने ‘आई’ लिहिलं.

"आई," एक तरुण, स्वच्छ बाई म्हणाली. पुण्याच्या बातम्यांमधली असावी तशी.

खाटेवरून भिमाजींनी विचारलं, "कोण आलंय?"

विजयश्रीने पेटी मिटायला घेतली. बोट चुकून जुनं लिखाण उघडायच्या बटणावर पडलं आणि ती बाई वाचायला लागली. "वांगी देठासकट घ्यायची. कूट लई बारीक करायचं नाही. ते वर्षाली मिक्सरला लावती, त्याचं पार पीठ होतंय."

इतकी वर्षं हे पेटीने वाचलं की नुसती खडखड ऐकू यायची. कळायचं ते एकट्या विजयश्रीच्या बोटाला. बातम्यांच्या बाईच्या तोंडून परंड्याची भाषा येत होती आणि ती एकदाही अडखळत नव्हती.

वर्षाली कमरेवर हात ठेवून पेटीसमोर उभी राहिली. "मिक्सरलाच लावते मी, आत्या! खलबत्त्यात कुटायला वेळ कुणाला आहे? तुमच्या लेकाचा डबा सहाला भरावा लागतो!"

"थांब, बोलू दे तिला," भिमाजी उठून बसले. "विजू, पुढं काय म्हणती?"

विजयश्रीने बटण दाबलं. ती बाई पुढे वाचू लागली, कांदा, खोबरं, गूळ खडाभर. वर्षाली मध्येमध्ये उत्तरं देत होती. भिमाजी "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणत होते. विजयश्रीचं बोट पट्टीवरून त्या बाईच्या आधीच ओळीच्या शेवटाला पोचायचं आणि तिथे थांबून राहायचं.