अर्ध्या गाण्याचं लगीन

मी उमेश. जामसर-जव्हार जीप चालवतो. जीपपेक्षा माझं तोंड जास्त चालतं, असं बायको म्हणते. म्हणू दे! पण धोंडीबाईची गोष्ट मी नाही सांगायची तर कोणी सांगायची? त्या भानगडीत डिझेल माझं जळलंय.

धोंडीबाई आमच्या पाड्याची धवलेरी. आमच्याकडे लग्नाला भटजी नसतो. घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यासमोर धवलेरी बसते आणि देवांना, पितरांना हाका मारत तासन्‌तास गाते, तेव्हा कुठे लगीन लागतं. गाणं नाही तर लगीन नाही, मग तुम्ही डीजे लावा नाहीतर हेलिकॉप्टर आणा. एरवी ही बाई बिनजमिनीची, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारी, अंगठेबहाद्दर. पण मांडवात तिच्यापुढे सरपंचाचीही मान खाली.

आमच्या पाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी म्हणजे नवसूची हर्षदा. आश्रमशाळेत राहायची. परीक्षा तोंडावर आली आणि नवसूने तिला घरी आणून तिचं लगीनच ठरवलं! सोळा वर्षांची पोर. कायदा आहे हो, माहीत आहे मला. पण कायदा जव्हारच्या कचेरीत राहतो, आमच्या पाड्याचा चढ चढताना त्याला दम लागतो. नवसू काही वाईट नव्हता. बायको वारलेली, स्वतः मजुरीला ठाण्याकडे जाणारा. वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवू, हा त्याचा घोर. हर्षदा रडली, जेवली नाही. तिला कोणी विचारलंच नाही.

नवसू हळद-तांदळाचं ताट घेऊन धोंडीबाईला बोलवायला गेला. तिने ताट परत सारलं.

“पोरीची दहावी होऊ दे. अठराची होऊ दे. मग गाईन.”

“आजी, बोलणं झालंय! पाहुणे येतील!”

“बोलणं तू केलंस. गाणं माझं हाय.”

नवसू तणतणत माझ्याकडे आला. “उमेश, जीप काढ. धवलेरी काय एकच हाय?”

दाभोशाला गेलो. तिथली धवलेरी म्हणाली, “धोंडी भेटली होती मला मोखाड्याच्या बाजारात. मी नाय येत.” मोखाड्याच्या दुसरीने तर दारातूनच हात जोडले. आमच्या म्हातारीने बाजारात सुकी मासळी घेता घेता सगळ्यांना पढवून ठेवलं होतं! शेवटी खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर जयवंती सापडली. तिशीतली धवलेरी, बाजाराला फारशी न येणारी, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दिवशी तिला जीपमध्ये घातलं आणि नवसूला फोन केला, “फत्ते!”

कसली फत्ते! मांडवात पोचलो तर चौकाच्या पुढ्यात धोंडीबाई मांडी घालून बसलेली. बोलत नाही, हलत नाही. जयवंती उंबऱ्यातच थबकली आणि माझ्यावरच उखडली.

“उमेशदादा, आधी सांगायचंस ना! हिच्याच पायाशी बसून गाणं शिकले मी. ही गप्प बसलीय आणि मी तोंड उघडू?”

मांडवात एकच कल्ला झाला. नवसू अंगावर धावून जायचाच बाकी होता. “म्हातारे, माझ्या दारात बसून माझीच अब्रू काढतेस?”

तेव्हा धोंडीबाई बोलली. “नवसू, मी गाता गाता मधेच उठले, तर लगीन लागतं का?”

नवसूने मान फिरवली.

“सांग की! लागतं का?”

“नाय लागत.”

“मग? तुझी पोर दहा वर्षं शाळेचं गाणं गातेय. शेवटचं कडवं राहिलंय, आणि तू तिला उठवतोस? मी गाणं शिकता शिकता केस पिकवले, पण मधे सोडलं नाय. अर्ध्या गाण्यावरून उठवलेल्या पोरीचं लगीन मी लावायची नाय, नि दुसरीला लावू द्यायची नाय. देवाला काय तोंड दाखवू?”

नवऱ्या मुलाचा आजा बुधा उठला. मला वाटलं, आता काठ्या निघतात. म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, “खरं बोलते बाई. अर्ध्या गाण्याचं लगीन आम्हालाबी नको.”

झालं! पाहुणे जेवले आणि गेले. नवरा मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याच्या तोंडावर तर सुटल्याचाच आनंद होता. नवसू मात्र दोन्ही म्हाताऱ्यांना शिव्या घालत ठाण्याला निघून गेला.

परीक्षेला हर्षदाला मीच जव्हारला न्यायचो. पुढच्या सीटवर धोंडीबाई. केंद्राच्या फाटकाबाहेर ती पेपर सुटेपर्यंत बसून राहायची. शिपायाने हटकलं, “आजी, तुमचं इथं काय काम?”

“पोरगी आत गातेय. मी ऐकतेय.”

शिपायाला काही कळलं नाही, पण त्याने तिला बसायला खुर्ची आणून दिली.

हर्षदा पास झाली, तीही फर्स्ट क्लास! फाट्यापासून पाड्यापर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही. नवसूला फोन लावला. पलीकडून हुंदकाच आला. दुसऱ्या दिवशी कामावरून उठून आला आणि सरळ धोंडीबाईच्या पायांवर पडला. काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढे पोरगी जव्हारला बारावी झाली, आता नर्सिंगला आहे. आणि शाळेला निघालेल्या पाड्यावरच्या पोरींनी माझी जीप सकाळी अशी भरते, की थोरामोठ्यांना मागे लटकावं लागतं.

गेल्या शिमग्याला मोखाड्याहून पाहुणे आले हर्षदाला मागणी घालायला. मुलगा सरकारी नोकरीत, घर पक्कं. म्हणाले, “ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू. शिकायचं काय, नंतर बघता येईल.”

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या धोंडीबाईकडे पाहिलं. आता ती थकलीय, आवाज बसलाय. तिने तोंड उघडलं, पण नवसूच आधी बोलला.

“पोरीचं एक वर्ष राहिलंय. त्याआधी आमच्या तालुक्यात धवलेरी मिळायची नाय.”

पाहुणा हसला. “मग आम्ही आणतो की दुसरीकडनं!”

“आणा ना,” नवसूने माझ्याकडे बोट केलं, “हा उमेश बसलाय, याला विचारा.”

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, “पाहुणं, डिझेल फुकट जाईल.”