बिनटॅगच्या झांजा

एखाद्या थोर गृहस्थांचा गौरव करायला बसावं आणि पहिली आठवण स्वतःच्या घरातल्या परातीची यावी, हे शोभत नाही याची मला कल्पना आहे. पण नाइलाज आहे. आदरणीय त्र्यंबकराव भामरे यांच्यामुळे आमच्या कुटुंबाने सलग चार महिने पातेल्यात कणीक मळली. ज्यांनी पातेल्यात कणीक मळलेली नाही त्यांना या यातनेची खोली समजणार नाही. मनगट काठाला घासतं, पाणी एकीकडे राहतं, पीठ दुसरीकडे, आणि ज्या पोळ्या होतात त्यांना पोळ्या म्हणण्यासाठी मन मोठं असावं लागतं. अमृतमहोत्सव समितीने मला ‘कार्य, मूल्ये आणि जिव्हाळा’ अशा तीन अंगांनी लिहायला सांगितलं आहे. परात कुठल्या अंगात बसवायची ते समितीने कळवलेलं नाही.

तर पहिली ओळख. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. आम्ही नाशकात जेल रोडच्या या कॉलनीत नुकते राहायला आलो होतो. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि हातात मोजपट्टी घेतलेले साठी ओलांडलेले गृहस्थ.

“मी भामरे, समोरचा. तुमच्याकडं साडेतेरा इंची परात हाय का?”

बायकोने परात आणून दिली. त्यांनी तिचं तोंड तीन बाजूंनी मोजलं, चष्मा कपाळावर चढवला, “एकदम गोल शे,” असं स्वतःशीच म्हणाले आणि ती घेऊन गेले.

“काय करणार असतील?” बायकोने विचारलं.

“अन्नदान असेल,” मी म्हणालो. मी तेव्हा एका सायंदैनिकात विनोदी सदर लिहीत असे आणि जगातलं सगळं आपल्याला आधीच कळतं अशी माझी समजूत होती. त्र्यंबकरावांच्या सहवासात ती कायमची गेली. त्यांचं माझ्यावर जे ऋण आहे त्यात हे पहिलं धरावं.

परात आणायला गेलो तेव्हा ती एका ड्रमच्या तोंडात ठोकून बसवलेली होती. पुढच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर एकेक ड्रम बसला होता. मोठा दिवाणावर पसरला होता. निळी चकचकीत कातडी सोललेली, आतलं लाकूड उघडं. खाली वर्तमानपत्रावर शेकडो नट-बोल्ट, आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेला लाल पुठ्ठ्याचा टॅग.

“पावसानं लाकूड फुगलं, तोंड लंबगोल झालं,” ते म्हणाले. “तुमची परात आत बसवलीय. हळूहळू येईल गोलावर.”

“किती दिवस लागतील?”

“ते लाकडाला विचारावं लागंल.”

त्या टॅगांविषयी सांगणं भाग आहे, कारण त्र्यंबकरावांची सगळी मूल्ये त्या पुठ्ठ्यावर आहेत. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात देखभाल विभागात फोरमन होते. तिथली रीत अशी की, दुरुस्तीला घेतलेल्या यंत्रावर माणसाने आपल्या नावाचा टॅग लावायचा. तो स्वतः येऊन टॅग काढेपर्यंत दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि ज्याच्यावर टॅग नाही ते यंत्र चालू आहे, खुशाल वापरा. निवृत्त होताना त्यांनी ही रीत घरी आणली. घरातल्या गळक्या नळावर टॅग असे, ढिल्या पलंगावर असे. मला कावीळ झाली तेव्हा तीन दिवस एकही माणूस भेटायला आला नाही म्हणून मी मनातून दुखावलो होतो. चौथ्या दिवशी कळलं की आमच्या दाराला लाल टॅग आहे: ‘दुरुस्ती चालू. बेल वाजवू नये. भामरे.’ रोज सकाळी उसाच्या रसाचा तांब्या मात्र मागच्या दाराने येत होता. समितीला जिव्हाळ्याचा प्रसंग हवा असल्यास हा घ्यावा.

परंतु ड्रम का? हे मला कळेना. त्र्यंबकरावांना संगीतातलं काहीही कळत नाही, हे मी पूर्ण आदराने नमूद करतो. आरतीच्या टाळ्या त्यांच्या चुकतात. गणपतीत त्यांच्या हातात झांज देऊ नये असा कॉलनीत अलिखित नियम आहे. मग हा माणूस रविवारमागून रविवार वाकलेल्या ड्रमशी का झगडतो? मी विचारलं की ते म्हणत, “तो पाना दे.” असा पाने देता देता मी त्यांचा शिष्य झालो.

एकदा ड्रमचं तोंड ताणून धरणारे, घासून गेलेले दांडे पुन्हा घडवायला आम्ही मालेगावला गेलो. यंत्रमागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्याने दांडा उलटसुलट करून पाहिला.

“चाचा, ये कौनसे लूम का है?”

“लूम का नहीं, ड्रम का.”

“आप बजाते हो?”

“नहीं.”

“फिर?”

त्र्यंबकरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी लेथवाल्याकडे पाहिलं. दांडे मात्र त्याने उत्तम केले.

उत्तर पुढच्याच रविवारी आपल्या पायांनी आलं. सॅम्युएल आढाव. शरणपूरला राहणारे, त्र्यंबकरावांच्याच केंद्रात स्टोअरकीपर होते आणि संध्याकाळी नाशकातल्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवीत. हा संच त्यांनी तरुणपणी देवळालीतून मोडीत निघालेल्या एका बँडकडून घेतला होता. पुढे ऑर्केस्ट्रात विजेवर चालणारी एक पेटी आली, तिच्यावर बोटं आपटली की सगळे ताल निघत, आणि आढावांचा संच पत्र्याच्या शेडमध्ये गेला.

“डावा कान गेला,” आढावकाका मला म्हणाले, जणू रेशनकार्ड हरवल्याची बातमी द्यावी तसं. “उजवा वर्षभर टिकेल म्हणतोय डॉक्टर. माझ्या हातचा माझा आवाज एकदा ऐकायचा आहे. मग खुशाल जाऊ दे. पण हा भामरे बघ! आठ महिने झाले, अजून स्क्रू मोजतोय.”

“कच्चं काम देऊ का तुला?” त्र्यंबकराव मान वर न करता म्हणाले.

“अरे, कान थांबणार आहे का तुझ्यासाठी?”

“मंग बोलण्यात टाइम का घालवतोस? गप बैस.”

दोघे तीस वर्षं असेच बोलत आले होते. त्या दिवसापासून माझा गोंधळ निराळ्या जातीचा झाला. घाई केली तर काम कच्चं, पक्कं केलं तर कान बंद. मी दर रविवारी मनात उरलेले महिने मोजू लागलो. त्र्यंबकराव मात्र लाकडाचे सुटलेले थर सरस लावून एकेक दाबत होते, गंजलेली कडी रॉकेलमध्ये बुडवत होते, आणि एकेक टॅग स्वतःच्या हाताने काढत होते.

दिवाळी आली तेव्हा सहाच टॅग उरले होते. कोपऱ्यात याच संचातल्या दोन मोठ्या झांजा पडल्या होत्या, काशाच्या, काळ्याकुट्ट. त्यांच्यावर टॅग नव्हता. त्र्यंबकराव बाजारात गेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, अंगणात चिंच आणि राख घेऊन समया, तांबे, घंगाळ घासायला बसल्या होत्या.

“अजून काही आहे का रे पितळेचं?” त्यांनी विचारलं.

मी झांजा नेऊन दिल्या. टॅग नाही म्हणजे हात लावायला हरकत नाही, हे मी याच गुरूकडून शिकलो होतो. शिवाय सणासुदीला काळी झांज बरी दिसत नाही, असंही मला वाटलं. आम्ही दोघांनी घासल्या. अशा लखलखल्या की काकूंनी त्यांत बघून टिकली सारखी केली. त्र्यंबकराव परत आले, झांजांकडे पाहिलं, आणि पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा टॅग काढला.

आढावकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टुलावर बसले, काठ्या हातात फिरवल्या, मोठ्या ड्रमचं पेडल दाबलं. घर हललं. त्यांनी डोळे मिटले. एकेक ड्रम वाजवत गेले आणि चेहरा दर ठोक्याला पाच-पाच वर्षांनी तरुण होत गेला. काकू दारात उभ्या राहून रडत होत्या. मग आढावकाकांनी झांजेवर काठी मारली.

थांबले. पुन्हा मारली. डोळे उघडले.

“ही माझी नाही.”

त्यांनी झांजेला टिचकी मारून उजवा कान जवळ नेला.

“पातेल्यासारखी वाजतेय. हिला घासलंय कोणी?” त्यांनी झांजेत स्वतःचा चेहरा पाहिला. “अरे, चाळीस वर्षांचा काळा रंग होता हिच्यावर! त्यातच होता ना आवाज! कोणी घासली?”

मी तोंड उघडलं. खरोखर उघडलं होतं. पण माझ्याआधी त्र्यंबकराव बोलले, आणि संकटात ते नेहमी बोलतात तसे आपल्या गावच्या, नामपूरच्या, अहिराणी बोलीत बोलले.

“मनी चूक शे.” म्हणजे, चूक माझी आहे.

आढावकाकांनी काठ्या स्टुलावर ठेवल्या. “भामरे, सगळ्या जगाला टॅग लावलेस, आणि माझ्याच वस्तूला...” एवढं म्हणून ते चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि संच घेऊन गेला. पुन्हा ते या घरात आले नाहीत. काकूंचा दिवाळीचा डबा शरणपूरला जात राहिला, नाताळात तो करंज्यांनी भरून परत येत राहिला. माणसं गेली-आली नाहीत. उजवा कानही पुढे गेल्याचं डब्याबरोबरच कळलं.

मी गप्प का राहिलो? तेव्हा वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग दोन महिने झाले, मग सांगायला फार उशीर झाला, मग उशीर झाल्याचंही जुनं झालं. गेली दहा-अकरा वर्षं मी या शहरातल्या नगरसेवकांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांचे दोष दर आठवड्याला छापून आणले आहेत. माझा हा एक दोष तेवढा जागेअभावी राहिला.

एकदा धीर करून मी त्र्यंबकरावांना विचारलं, “काका, तुम्ही का अंगावर घेतलंत? घासायला तर मी दिल्या.”

“टॅग मी लावला नव्हता,” ते म्हणाले. “झांजेला काय झालेलंच नव्हतं, म्हणून नाय लावला. टॅग नसंल तर माणूस हात लावणारच. चूक ज्यानं टॅग नाय लावला त्याची.”

एवढ्यावर मी समाधान मानलं असतं. पण पुढे माझ्या वडिलांना ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. ढोल उशिरापर्यंत ऐकू येतो, घंटा लवकर जाते. मी तसाच त्र्यंबकरावांकडे गेलो.

“काका, ती झांज खरंच बिघडली होती का? की आढावकाकांचा कान...”

“मला काय कळतं रे आवाजातलं?” ते म्हणाले. “तो पाना दे.”

हे सत्य होतं, सबब होती की आणखी काही, हे मला आजही कळलेलं नाही. ज्यांचा गौरव करायचा त्यांच्याविषयी इतका गोंधळलेला लेखक समितीने का निवडला, हेही कळलेलं नाही. मला एवढंच दिसतं की ज्या माणसाच्या नोकरीच्या सबंध काळात कामात खोट निघाली नाही, त्यांनी आयुष्यातल्या सर्वांत सुंदर कामावर स्वतःच्या हाताने खोट लिहून घेतली आणि जिवाभावाचा मित्र गमावला. त्र्यंबकरावांना पुढची पंचवीस वर्षं निरोगी मिळोत, गुडघे आणि नजर शाबूत राहो, आणि त्यांच्या घरात नित्य काहीतरी दुरुस्तीला निघो, कारण सगळं धड चालू असलं की ते आजारी पडतात, असा काकूंचा अनुभव आहे.

लेख इथे संपवून समितीकडे द्यायचा होता. तो खिशात घालून मी परवा निघालो आणि वाटेत रिक्षा शरणपूरला वळवली.

आढावकाकांनी ओळखलं. त्यांच्या मांडीवर पाटी असते, आलेल्याने तिच्यावर लिहायचं. मी लिहिलं: ‘झांजा मी घासायला दिल्या. भामरेकाका तेव्हा घरात नव्हते.’

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “झांज चांगली होती रे.”

मी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

“त्याच संध्याकाळी चर्चची घंटाही तशीच वाजली. पातेल्यासारखी. तिला कोणी घासलं नव्हतं.” ते खिडकीकडे बघत होते. “तेव्हाच कळलं मला. पण जाणार कसा? बोलून बसलो मी, आणि चूक कबूल करून बसलेला तो. कुठल्या तोंडानं सांगणार? आज तू आलास, म्हणून म्हटलं. लिही तुझ्या पेपरात, लिही.”

त्यांनी पाटी शर्टाच्या बाहीने पुसली.

“रविवारी असतो का तो घरी?”

मी लिहिलं: ‘असतात.’

“मग मी जातो. तू येऊ नकोस.”

मी “बरं” म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पाटी घेतली आणि लिहून दिलं.